गुलाबी हिरडीच्या खाली

कवळी हातात आली की चाचा ती आधी नाकाशी न्यायचे, मग डोळ्यांशी. क्षणभर डोळे मिटायचे, कपाळाला आठी पडायची आणि मग ते म्हणायचे, "आधी वास घ्या की मॅडम. एक्स-रे मागनं बघा."

सोलापूरच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात दंतविभागात मी नोकरीला लागले, तेव्हा चाचा तिथे वीसेक वर्षं दात बनवत होते. मागच्या खोलीत, प्लास्टरच्या पांढऱ्या धुळीत बसून. डोक्यावरची जाळीची टोपी, भुवया, हातावरचे केस, सगळ्यावर तीच धूळ. पेशंट आम्ही पाहायचो. चाचांपर्यंत फक्त त्याच्या तोंडाचा साचा जायचा.

आपल्याच धंद्याची किळस असलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. चाचांना माणसांच्या तोंडाची किळस होती. जेवायला ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. मी एकदा कारण विचारलं.

"समोरच्याचं तोंड हलायला लागलं की मला आतलं सगळं दिसतंय," ते म्हणाले. "पुतण्याच्या लग्नात मुलीचा मामा बिर्याणी खात हसला. वरची कवळी सुटलेली, तिच्या खाली भात. मी हात धुऊन उठलो. घरच्यांना वाटलं मी रुसलो."

अक्कलकोटकडच्या एका आजींनी वर्षभर कवळी काढलीच नव्हती. सुनेनं आपलं बोळकं बघू नये म्हणून. मी ती ओढून काढली तेव्हा टाळूपासून हिरवट बुळबुळीत तार लोंबली. चाचा "शी, शी, शी" असं तीनदा म्हणाले आणि कवळी घेऊन नळाखाली उभे राहिले. अर्धा तास घासली. मग ओल्या कापसात गुंडाळून स्वतः बाहेर आणून दिली. "आजी, सून झोपल्यावर काढा आन् ती उठायच्या आत घाला. पण काढा." आजी लाजून हसल्या. चाचांनी मान दुसरीकडे वळवली.

माढ्याचे एक निवृत्त गुरुजी आले ते याच सुमाराला. त्यांच्या हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती. तिचा तेवढा भाग काढून कृत्रिम नळी बसवायची होती. पुण्याहून आमच्याकडे येणाऱ्या सर्जननी गुरुजींना कागदावर काढून दाखवलं होतं. नळीचा अर्धा भाग कापडाचा, तो शिवायचा. अर्धा तारेच्या जाळीचा, तो आतूनच उघडून बसवायचा. म्हणून तिला हायब्रिड म्हणायचं. अट एकच होती. तोंडात कुठे पू नाही असा दंतविभागाचा दाखला हवा. दातातले जंतू रक्तातून जाऊन त्या कापडावर बसले, तर माणूस वाचवणं कठीण.

गुरुजींचे वरचे सगळे दात नवे होते. शहरातल्या एका चकचकीत दवाखान्यात दोन वर्षांपूर्वी बसवलेले. हाडात चार स्क्रू, त्यावर धातूची पट्टी, पट्टीवर प्लास्टिकचे दात आणि गुलाबी हिरडी. त्यालाही हायब्रिडच म्हणतात.

"म्हणजे वर हायब्रिड, खाली हायब्रिड," गुरुजी म्हणाले. "लहानपणी हायब्रिड ज्वारी खाल्ली, तिला चव नव्हती. हे तरी बरं निघावं." त्यांच्या पत्नी हसल्या. गुरुजी कडक इस्त्रीच्या शर्टातले, दोन वेळा अंघोळ करणारे गृहस्थ. "डॉक्टर म्हणाले होते, आता जन्मभर बघायला नको," त्यांनी कौतुकाने सांगितलं.

दात मोत्यासारखे चमकत होते. एक्स-रेमध्ये स्क्रूंभोवतीचं हाड थोडं झिजलेलं दिसत होतं. थोडं म्हणजे किती झिजलं, ते मी मोजलं नाही. बाहेर गर्दी होती. मी दाखल्यावर सही केली.

एका दाताची कड ओठाला लागते असं गुरुजी म्हणाले, म्हणून ती घासायला मी चाचांना बोलावलं. चाचा वाकले आणि तिथेच थांबले.

"मॅडम, हे खोला."

"चाचा, मी तपासलंय. दाखला दिलाय."

"मास्क काढा. वास घ्या."

मी मास्क काढला आणि मला कळलं. तरी मी ते दात बसवणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. ते हसले. "उघडायची काही गरज नाही हो. उघडलंत तर जबाबदारी तुमची." फोन ठेवताना क्षणभर मला बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याची मला आज सगळ्यात जास्त शिसारी येते.

चाचा तोवर छोटा पाना घेऊन आले होते. दातांतल्या भोकांत भरलेलं सिमेंट मी कोरलं, पट्टी धरून ठेवणारे चार छोटे स्क्रू सोडले आणि दातांची ती अख्खी कमान खाली ओढली.

खोली वासाने भरली. बंद डब्यात आठवडाभर राहिलेलं मटण उघडावं, तसा वास. गुलाबी प्लास्टिकच्या खाली काळा-पिवळा लगदा होता. कुजलेलं अन्न, रक्त, आणि हाडातल्या दोन स्क्रूंच्या कडेने दाबताच येणारा पू. गुरुजींच्या पत्नींनी पदर नाकाला लावला आणि नवरा बघतोय हे लक्षात येताच घाईने खाली घेतला.

गुरुजींनी ट्रेकडे पाहिलं. "हे माझ्या तोंडात होतं?" आणि त्यांना उलटी झाली. भांडं चाचांनी धरलं. मान न वळवता.

"दोन वेळा ब्रश करत होतो हो मी," गुरुजी पुन्हा पुन्हा सांगत होते. "शाळेत पोरांची नखं तपासायचो मी."

"तुमचा काय कसूर न्हाय," चाचा म्हणाले. "घासायला जागाच ठेवली न्हाय हितं. कुणी बनवलं हे? डोळं फुटलं हुतं का त्याचं?" त्यांनी ती कमान नळाखाली धरली, घासली, उलटी केली, आणि त्यांचा हात थांबला. ते किती तरी वेळ सुळ्याच्या दाताकडे बघत होते.

"मॅडम, हे माझं काम हाय."

मला आधी समजलंच नाही.

"सुळा जरा तिरपा ठेवायची माझी सवय हाय. संध्याकाळी त्या दवाखान्याचं काम करत हुतो मी. खाली फट ठेवली हुती. डॉक्टर म्हनले, फट दिसली की पेशंट नाराज होतो, हिरडी पार टेकवा. मी म्हनलो, ब्रश कुटनं जाणार? म्हनले, तुमी सांगितलं तेवढं करा." ते गुरुजींकडे वळले. "मी केलं, गुरुजी. माहीत असून केलं."

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. पत्नी मात्र बोलल्या. "तुमाला ठावं हुतं? आन् तरी?" चाचांनी होकारार्थी मान हलवली. गुरुजींच्या फायलीतून माझा दाखला काढून मी फाडला आणि सर्जनना फोन केला. ते दोन मिनिटं ओरडले. मग म्हणाले, "तोंड स्वच्छ करा. तोवर थांबू. दरम्यान ती फुगलेली रक्तवाहिनी फुटली तर मात्र माझ्या हातात काही नाही."

तीन आठवडे थांबावं लागलं. हाडातले दोन सैल स्क्रू काढले, जखमा भरू दिल्या. खोकायचं नाही, वजन उचलायचं नाही, चिडायचं नाही, असं गुरुजींना सांगून वॉर्डात ठेवलं होतं. चाचा रोज वर जायचे, कोमट मिठाच्या पाण्याने त्यांचं तोंड धुवायचे. पहिले काही दिवस गुरुजी त्यांच्याशी बोलले नाहीत. एका दुपारी मी गेले तर गुरुजी आमटीत कुस्करलेली भाकरी वरच्या रिकाम्या हिरडीने चघळत होते, ओघळ हनुवटीवर येत होता आणि चाचा समोर बसून त्याच ताटातली भाकरी खात होते.

ऑपरेशन पार पडलं. नळी बसली. पुढे चाचांनी नवी कवळी केली, रात्री काढून ठेवायची. ती दिसायला साधी होती आणि गुरुजी बोलताना शीळ वाजायची. "स म्हणता येत नाही," ते तक्रार करायचे, "शोलापूर होतंय." पण स्वतः काढून, धुऊन, दरवेळी मला दाखवायचे.

चाचांनी त्या दवाखान्याचं काम सोडलं. तिथल्या डॉक्टरांना भेटून सगळ्या पेशंटना परत बोलवा म्हणाले, तर त्यांनी यांना बाहेर काढलं. पण प्रत्येक कामाचा प्लास्टरचा साचा चाचांनी ठेवला होता, खाली पेन्सिलने नाव आणि गाव. असे चौदा निघाले. दर रविवारी ते एसटीने जायचे. करमाळ्याकडे, केमला, बार्शीला. दारात उभे राहून सांगायचे, "तुमचे दात मी बनवलेत. चुकीचे बनवलेत. एकदा खोलून घ्या." काहींनी चहा पाजला. काहींना ते फसवायला आलेले वाटले. एकाने कुत्रं सोडलं. नऊ जण आमच्याकडे आले. आठ जणांच्या खाली घाण होती.

गेल्या हिवाळ्यात चाचा छातीच्या आजाराने गेले. इतक्या वर्षांची ती धूळ. त्यांच्या घरून मी उरलेले पाच साचे आणले आणि फोन करत राहिले.

काल चिंचोळी एमआयडीसीतला एक वॉचमन आला. खुर्चीत बसला आणि इकडेतिकडे पाहत म्हणाला, "ते म्हातारे हायत का? तीनदा आलते घरी. मीच हाकललं."

"ते नाहीत आता," मी म्हटलं.

त्याने खिशातून रुमाल काढला, त्यात तंबाखूची चिमूट थुंकली, घडी करून परत खिशात ठेवली आणि तोंड उघडलं. मी मास्क खाली केला आणि पहिला स्क्रू फिरवला.