काकीच्या कॅमेऱ्यातलं गाऱ्हाणं

दिवाळीनंतर मी काकांकडे गावी येऊन राहिलो, तेव्हा सगळ्यांना एकच सांगितलं होतं: ऑफिसने आता घरून काम करायची सोय केली आहे. खरं म्हणजे ऑफिसने मला नारळ दिला होता. मुंबईत मी जाहिरातींच्या फिल्म एडिट करायचो. गणपतीच्या आधीच ते काम सुटलं, आणि ‘रजा मिळत नाही’ असं फोनवर सांगून मी चतुर्थीलाही आलो नाही. ज्याला नोकरीच नाही त्याची रजा अडवणार कोण? पण थाप मारताना माणूस इतका विचार करत नाही. आईवडील गेल्यापासून काका-काकीच माझे आईवडील, त्यामुळे ती थाप निभावणंही भाग होतं.

रोज सकाळी घावणे-चहा झाला की मी इस्त्रीचा शर्ट घालून पडवीत लॅपटॉपसमोर बसायचो. काका रेडिओ बारीक करायचे. शेजारचं कुणी आलं की काकी त्याला मागच्या दाराने आत घ्यायची आणि दबक्या आवाजात सांगायची, “झिलाचा काम चालू आसा.” झील म्हणजे मुलगा, म्हणजे मी. आणि मी तिथे नोकरीच्या जाहिराती वाचत असायचो.

अशात काकीने एक काम काढलं. माझा चुलत भाऊ बोटीवर असतो. यंदाच्या चतुर्थीला तो कुठल्यातरी समुद्रात होता आणि नाताळाच्या सुमारास घरी येणार होता. त्यानेच पूर्वी परदेशातून आणलेला हँडीकॅम कपाटात पडून होता. तो काढून काकीने त्याच्यासाठी गणपतीचे सगळे दिवस शूट केले होते.

“तू इतक्या जाहिराती करतंस,” ती म्हणाली, “आमच्या गणपतीचा वायच नीट जोडून दी.”

काकीच्या शूटिंगची एक पद्धत होती. बऱ्याचदा चालू करायच्या वेळी ती कॅमेरा बंद करायची आणि बंद करायच्या वेळी चालू. त्यामुळे मोदक वळतानाचं काहीच नव्हतं, पण शेणाने सारवलेलं अंगण आणि तिची स्वतःची पावलं भरपूर होती. मी हसत हसत फाइली लॅपटॉपवर घेतल्या. ऑफिसचं मशीन आणि त्यातलं विकतचं सॉफ्टवेअर ऑफिसकडे परत गेलं होतं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी फुकटातलं एक उतरवून घेतलं होतं. त्यात चित्र दिसलं, पण हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्याचे दात फुटलेले, आणि आवाज अजिबात नाही. दुसरी फाइल उघडली, तिसरी उघडली, सगळ्या मुक्या. असल्या घरगुती कॅमेऱ्याच्या फाइली माझ्यापर्यंत कधी यायच्याच नाहीत. ऑफिसात दुसरं कुणीतरी त्या बदलून द्यायचं, माझ्यापुढे वाढलेलं ताट यायचं. हे काकीला कसं सांगणार?

“काकी, कॅमेऱ्याचा माइक गेलाय. आवाज रेकॉर्डच झाला नाही.”

“नाय कसो? टीव्हीक वायर लावली तेवा माका समदो आवाज आयकाक इलो.”

“टीव्हीचं वेगळं असतं,” मी म्हणालो. इतकं अडाणी वाक्य मी आयुष्यात बोललो नसेन, पण बोललो मात्र मोठ्या जाणकाराच्या थाटात.

“गाऱ्हाणा तरी आयकाक व्हया त्येका,” ती म्हणाली आणि आत गेली.

आमच्याकडे विसर्जनासाठी मूर्ती उचलण्याआधी घरातला मोठा माणूस देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालतो. सगळ्या घरासाठी, गुराढोरांसाठी, झाडामाडांसाठी जे मागायचं ते मोठ्याने मागतो, आणि जमलेली माणसं प्रत्येक मागण्याला “व्हय म्हाराजा!” म्हणून साथ देतात. आमच्या घरात हे काका करतात. बोटीवरच्या माणसाने ते ऐकावं असं त्याच्या आईला वाटणारच. तिचं ते वाक्य मला डाचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी जरा शोधाशोध केली. आवाज फाइलीत होताच. फक्त तो अशा प्रकारे दाबून भरलेला होता की माझ्या फुकटच्या सॉफ्टवेअरला तो उलगडत नव्हता. आधी फाइली एका कन्व्हर्टरमधून काढायच्या, आवाज साधा करून घ्यायचा, कंगव्याचे दातही तिथेच काढायचे, आणि मग एडिटिंगला घ्यायच्या. एवढंच. मी सगळ्या फाइली रांगेला लावल्या. लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला, मध्येच लाइट गेली, बॅटरी तर कधीचीच मेलेली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. जेवणाच्या वेळेपर्यंत काम झालं. पहिलीच फाइल लावली आणि कानात आरती वाजली! खूप दिवसांनी मी काहीतरी खरोखरचं काम केलं होतं. इतका आनंद झाला की मी थेट गाऱ्हाण्याचीच फाइल उघडली.

काका हात जोडून उभे. काकी कॅमेऱ्यामागे, तिचा श्वासही ऐकू येत होता. काकांनी चुकलंमाकलं पदरात घे म्हटलं, बोटीवरच्या मुलाला सुखरूप घरी आण म्हटलं. मग ते जरा थांबले.

“माझ्या भावाचो झील मुंबयक आसा. त्येची नोकरी गेली. त्येना आमका सांगूक नाय, आमी त्येका इचारूक नाय. त्येका पयल्यासारख्या कामाक लाव, आणि कोणासमोर मान खाली घालूची पाळी त्येच्यार हाडू नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सगळी वाडी एका दमात म्हणाली. त्यात काकीचा आवाज माइकच्या अगदी जवळ होता, म्हणून सगळ्यांत मोठा.

मी हेडफोन काढले. त्यांना कुणी सांगितलं हे शोधण्यात अर्थ नव्हता. मुंबईत वाडीतलं कुणी ना कुणी सगळीकडे असतं. मला दुसरंच उमगत होतं. मी येण्याच्या कितीतरी आधी हे सगळ्यांना ठाऊक होतं. काका रेडिओ बारीक करत होते ते माझ्या कामासाठी नव्हे, माझ्या सोंगासाठी. मागच्या दाराने येणारी माणसंही मला सांभाळूनच येत होती. आणि मी रोज इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्यासमोर बसत होतो! लाजेने कानशिलं तापली. देवापुढे माझ्यासाठी हात जोडणाऱ्या माणसांचा मला रागही आला, आणि त्या रागाची आणखी लाज वाटली.

तेव्हा तरी उठून काकांकडे जायला हवं होतं. मी गेलो नाही. नुसत्या गाऱ्हाण्याचा आवाज काढला तर संशय येईल, म्हणून मी अख्ख्या गणपतीचा आवाज काढला. आरत्या, फुगड्या, काकांचं भजन, सगळं. वर सुरुवातीपासून शेवटपर्यंत बासरी पसरून टाकली.

“खूप प्रयत्न केला काकी, आवाज नाहीच,” मी सांगितलं. ती मागच्या दारी वाल सोलत होती. तिने वर पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं.

“नसात तर नसांदे,” ती म्हणाली. “जेवतंस मा?”

भाऊ आला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं उरकून सगळे माजघरात टीव्हीसमोर बसले. शेजारचेही आले, या वेळी पुढच्या दाराने. काकीच्या पावलांवर सगळे पोट धरून हसले. मग पडद्यावर काका हात जोडून उभे राहिले, ओठ हलू लागले आणि बासरी वाजत राहिली.

“आवाज खंय रे?” भावाने मला विचारलं.

मी तोंड उघडण्याआधी काकी म्हणाली, “तुझो कॅमेरो जुनो झालो. आवाज धरणा नाय तो.”

मला तिच्याकडे पाहवेना. काका मात्र खुर्चीत सरसावून बसले. मुलाला गाऱ्हाणं ऐकायला मिळत नाही हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. पडद्यावरच्या स्वतःच्या ओठांकडे बघत त्यांनी तिथेच गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. “बा देवा म्हाराजा!” माणसं सवयीने साथ देऊ लागली. चुकलंमाकलं झालं. बोटीवरचा झील झाला, भाऊ स्वतःच लाजून “व्हय म्हाराजा” म्हणाला. पुढे काय आहे ते मला पाठ होतं. पडद्यावर काका जरा थांबले.

खुर्चीतले काकाही थांबले. त्यांनी खाकरल्यासारखं केलं. “पानी वायच हाड गो.”

काकी उठली, सावकाश आत गेली. पडद्यावर काकांचे ओठ माझ्यासाठी हलत होते. मग तिथल्या सगळ्यांची तोंडं एकदम उघडली आणि मिटली. तीच माणसं माझ्या आजूबाजूला बसली होती, कुणी पंख्याकडे बघत होतं, कुणी आपल्या नखांकडे. काकी पाणी घेऊन आली. काका प्याले, तोंड पुसलं.

“मी खंय इलंय?” त्यांनी विचारलं.

“आंब्यांकडे,” काकी म्हणाली.

“यंदा आंब्याक मोहोर बरो येवंदे, आणि वांदरांका दुसऱ्या वाडीची वाट दाखव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले. सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणालो.