कोपरला ओलीस

पुण्याहून निघाले ती ठाण्याला भावाकडे आराम करायला. पोचते न पोचते तोच मला गाडीत कोंबलं. भाच्याचं, ओंकारचं, लग्न ठरवायला सगळे डोंबिवलीजवळ कोपरला निघालेले. मुलगी मानसी, तिथल्या आगरी (खाडीकाठी पिढ्यान्‌पिढ्या मीठ नि भात पिकवणारे) घरातली. पोरांचं केव्हाच जमलं होतं. ओंकारचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ विनायक, तेवढा ‘नातेवाईक काय म्हणतील’ म्हणून तोंड आंबट करून बसलेला.

कोपरला उंच इमारतींच्या मधोमध त्यांचं दुमजली घर. जेवायला तांदळाच्या भाकऱ्या आणि निवट्यांचं (खाडीच्या चिखलातले मासे) कालवण. मी बोटं चाटत होते, विनायक भात चिवडत होता. उठताना म्हणाला, “छान झालं जेवण. कळवतो.”

मानसीचे आजोबा हसले. “कलवाचा तं येवून सांगा. तवर तुमचा एक मोठा मानूस आमचे घरान ऱ्हाईल. आमचे घरची रीत हाय.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बळीचा बकरा लगेच मिळतो.

संध्याकाळी ओट्यावर आजोबांनी कारण सांगितलं. त्यांच्या बहिणीला बघून गेलेले पाहुणे असंच ‘कळवतो’ म्हणाले. तिने त्या आशेवर बाकीची स्थळं परतवली. निरोप कधी आलाच नाही.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. तह केला की राजे आपला मुलगा नाहीतर भाऊ समोरच्याकडे ओलीस ठेवत. शब्द पाळला तर माणूस मानाने परत, मोडला तर त्याच्या जिवावर बेतायचं. एवढा अर्थ फळ्यावर लिहून मी मोकळी व्हायचे. मला इथे नवा गाऊन मिळाला, शिवाय झोपताना दूध.

सकाळी मानसीने स्कूटरवरून कल्याणला दुर्गाडी किल्ला दाखवायला नेलं. खाडीकडे बघत तिने विचारलं, “आत्या, खरं सांगा ना. काका नाहीच म्हणणार ना?”

मला खोटं बोलवेना. “वाटतंय तसंच गं.”

ती डोळे पुसून म्हणाली, “चला, वडापाव खाऊ.” मला विनायकचा असा राग आला!

दुपारी त्याचा फोन. “ताई, रिक्षा करून ये. मी त्यांना फोनवर ‘नाही’ सांगून टाकतो.”

“मी नाही हलत. मला न्यायला स्वतः ये. नकार द्यायचा तर आजोबांसमोर बसून दे.”

“अगं, हे काय खूळ!”

“ओलीस सोडवायची हीच पद्धत आहे.”

आला बिचारा. मानसीने पाणी दिलं. आजोबा समोर बसले. विनायकने ग्लास उचलला. समोर बसून नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागतं, आणि सांगण्याजोगं त्याच्याजवळ काही नव्हतं. शेवटी ग्लास खाली ठेवून म्हणाला, “साखरपुडा तुमच्याकडे करायचा की आमच्याकडे?”

मला इतका आनंद झाला की मी आजोबांच्याच पाया पडले.

ठाण्याला परतताना मी विचार करत होते. राजांनी ठेवलेले ओलीसही महिनोन्‌महिने त्याच घरी जेवत-झोपत असतील; परतताना त्यांचाही पाय निघत नसेल.

विनायक गाडी चालवता चालवता फणकारला, “तू नक्की कुणाच्या बाजूची गं?”

“कालपर्यंत तुझ्या बाजूची होते.”