हंसाच्या अंगात कोन आलं

माजं नाव जमना. हंसाच्या आनि माज्या घरामधी एक कुडाची भिंत, तेवा तिच्या घरात भाकरी थापली तरी मला ऐकू येतं. सातपाटीतल्या बाकी बायका तुमाला सांगतील, हंसावर देवी प्रसन्न झाली. प्रसन्न कसली, डोंबल! मी सांगते ते ऐका.

चौसष्ट-पासष्ट सालची गोष्ट. तारापूरला वीजघर बांधायला काढलं आनि बोईसरात मानसं लोटली. मलबारी काय, बंगाली काय, सगळ्यांना मासळी पायजे. हंसाची सासू ठकी म्हनाली, "पालघरचा बाजार करतेसच ना, मंग गाडीला बसलं की बोईसर काय लांब हाय?" झालं! पाटी डोक्यावर घेऊन आधी पालघर, मंग बोईसर, घरी आली की बोंबील वाळत घालायचे. जाळी सांधायचं काम नवऱ्याचं, पन एकनाथनं कंबर धरली म्हनून ते पन हिच्याच गळ्यात. कुनी "हंसा, जरा ये गं" म्हनायचा अवकाश, ही उठलीच.

दोनेक वरसं तिनं रेटलं. मंग अंगच बोलायला लागलं. फनीत मूठमूठ केस यायचे. बसल्या जागी छाती धडधडायची. खाल्लेलं पचेना. आडवी झाली की डोळे टक्क उघडे, आनि दिवसा सुरमई कापता कापता मान पाटीत. एकदा तर गिऱ्हाइकाच्या हातात अख्खी पाटी देऊन त्याची भाजीची पिशवी डोक्यावर घेऊन घरी आली.

पालघरच्या डाक्टरनं नाडी बघितली, डोळे बघितले आनि एकनाथला सांगितलं, "हिला विश्रांती द्या." ह्या शान्याला वाटलं, बाटलीचं नाव हाय. गडी पालघरातली औषधाची दुकानं पालथी घालत सुटला, "विश्रांती हाय का, विश्रांती?" एक दुकानदार म्हनाला, "आम्हालाच मिळत नाही रे बाबा." हा घरी येऊन सांगतो, "माल संपलाय."

आनि आमच्या गावच्या मंगळवारच्या बाजारात काय झालं, हंसा पाटीपुढं बसल्या बसल्या थरथरायला लागली. दात वाजतायत, केस सुटलेत, डोळे पांढरे. मी पानी आनायला धावले. परत येते तर काय, बायका तिच्या पाया पडतायत! "आई आली गं, हंसाच्या अंगात आई आली!" ती बिचारी सांगतेय, "अगं, मी देवी नाय. मी हंसा हाय. मी दमलेय." तर आमचा चिंधू भगत मान हलवून म्हनतो, "ऐका. आई दमली हाय. गावानं आईला दमवलं!"

तुमाला वाटेल, आता तरी पाटी सुटली असेल. नाव नको! पाटी हायच, वर मंगळवारी नि शुक्रवारी कौल द्यायचं काम वाढलं. कुनाच्या होडीला मासळी लागेना, कुनाची सून माहेरी बसलेली, कुनाचं बकरं हरवलेलं. ही जितकी दमायची तितकी थरथरायची, आनि जितकी थरथरायची तितकी रांग वाढायची. माजा जीव तुटायचा. मी ठकीला तोंडावर म्हनलं, "मरंल ती एक दिस." ठकी दारातले नारळ आवरत म्हनाली, "देवी कदी मरते का गं?"

शेवटी एका शुक्रवारी भगतानं विचारलं, "आई, गावाकडनं तुला काय पायजे?" हंसा हमसून हमसून रडली आनि म्हनाली, "झोप."

सगळ्यांनी हात जोडले. सुतारानं हंसाच्या घरात सागाचा पलंग केला, गादी भरली, मच्छरदानी बांधली. आनि देवळातला आईचा दगड, शेंदूर लावलेला तांदळा, दुपारचा त्या गादीवर निजवला! हंसाला खाली जमिनीवर बसवलं आनि हातात पंखा दिला. "आईला वारा घाल. माशी बसू देऊ नको." घरी येऊन मी भांडी आपटली.

उन्हं कलली तशा आमी देवीला उठवायला गेलो. बघतो तर तांदळा खाली, पंखा त्याच्यापुढं, आनि पलंगावर हंसा. हातपाय पसरलेले, तोंड उघडं, घोरतेय. देवी असेल तर हात लावायचा नाय, आनि सून असेल तर तिची बोईसरची गाडी चुकत होती. चिंधू भगत पन मागं सरला. मंग ठकी पुढं झाली, मच्छरदानीजवळ तोंड नेऊन हळूच विचारलं, "कोन हायस गं तू? हंसा का आई?"

हंसानं डोळे उघडले नाय. कूस बदलली आनि म्हनाली, "आई."

ठकीनं हात जोडले. मंग बाहेर येऊन बोईसरची पाटी तिनं आपल्या डोक्यावर चढवली.