कुडपणची पालखी आणि जांभळी पट्टी

"सुई बंद केलीय, मॅडम. कालपास्नं सुनेच्या पोटात अन्नाचा कण नाय. उगाच साखर उतरायची."

कुडपणहून तात्यांचा फोन. मी कपाळावर हात मारला. महाडला मधुमेहाचे पेशंट बघण्यात माझी हयात चालली आहे, आणि हे वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत. त्यांची सून स्वप्नाली टाइप वन. म्हणजे तिचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही, रोज बाहेरून घ्यावं लागतं. ताप आला, उलट्या लागल्या आणि घरच्यांनी काळजीपोटी नेमकं तेच बंद केलं.

"साखर किती?"

"दोनशे ऐंशी. तशी लय नाय."

"फोन तिला द्या. स्वप्नाली, मी दिलेली पट्टी लघवीत बुडवलीस का?"

"आत्ताच बुडवली, मॅडम. गडद जांभळी झाली." पोरीला धाप लागली होती.

शाब्बास! न सांगता तपासलं पोरीने. जांभळी पट्टी म्हणजे कीटोन. आजारपणात न जेवताही शरीराला इन्सुलिन लागतंच, उलट जास्तच. ते नसेल तर रक्तात साखर असूनही शरीराला वापरता येत नाही. मग ते चरबी जाळायला घेतं आणि ओल्या लाकडांच्या चुलीसारखा धूर होतो. तो धूर म्हणजे कीटोन. रक्त आंबट होतं, धाप लागते आणि साखर फार चढलेली नसतानाही माणूस हातचा जातो.

मी तिला इन्सुलिनचा डोस सांगितला, घोट घोट पाणी प्यायला सांगितलं. तात्यांना म्हटलं, "जीप काढा. आत्ता."

"आज शिमग्याची पालखी हाय, मॅडम. ती दारात येऊन गेल्याबिगर घरचं माणूस गावाभायेर जात नाय. दुपारी निघतो की."

"दुपारपर्यंत पोर हाताला लागायची नाही!" मी ओरडलेच.

तात्यांचं तेच, आधी पालखी. आता देवाशी मी काय भांडणार? पण पालखीचा पहिला मान, म्हणजे ती सगळ्यात आधी दारात येण्याचा मान, ज्यांच्या घराचा, ते कुडपणचे आबा माझेच पेशंट. साखरेवरून माझी बोलणी खाणारे. आमच्याकडे या मानावरून सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. तरी फोन लावला, सगळं सांगितलं.

"गाडी काढू द्या, मॅडम," आबा म्हणाले. "पालखी आमी रस्त्यावर आणतो."

आणि आणली हो! स्वतःचं दार सोडून आधी जीपपाशी. स्वप्नालीने खिडकीतूनच हात जोडले आणि जीप सुटली.

महाडला माझ्याकडे पोचताच सलाईन, इन्सुलिनची ड्रिप, त्याने रक्तातलं पोटॅशियम उतरतं म्हणून त्यावर नजर. रात्र आम्हाला जड गेली, पण सकाळी पोरीने भाकरी मागितली. मला त्या पोरीचा आणि त्या गावाचा इतका अभिमान वाटला की राउंड सोडून मी अख्ख्या स्टाफला चहा पाजला.

पुढे आबा तपासणीला आले. मी विचारलं, "पहिला मान गेला, वाईट नाही वाटलं?"

"मान फुडल्या शिमग्याला हायच की, मॅडम. पोर असती काय?"

तर धडा असा. आजारपणात जेवण सुटलं तरी इन्सुलिन आपल्या मनाने सोडू नये, कीटोन तपासावेत आणि डॉक्टरला विचारावं. आणि डॉक्टरने गावच्या मानकऱ्याचा नंबर जवळ ठेवावा.