सावद्याला दिलेला गोळा

यूसुफभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या स्टँडवर अमळनेरच्या गाडीची वाट पाहत होतो. त्यांनाच भेटायला निघालो होतो. धुळ्याच्या दवाखान्यातून घरी आणलंय, जरा बरं वाटतंय, असं भाभींनी आदल्या दिवशीच कळवलं होतं... गाडी आली, मी चढलो. खिडकीशी टेकल्यावर मनात पहिला विचार आला तो असा, की आता तो गोळा कोण शोधणार?

अमळनेरला त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि मी तिथल्याच पोस्टात. सुट्टीच्या दिवशी माझ्या स्कूटरवरून आम्ही जुन्या वस्तू शोधायला भटकायचो. धुळ्याच्या पलीकडच्या एका माळावर महायुद्धाच्या काळात गोऱ्या पलटणींचा तोफांचा सराव चाले, असं तिथली म्हातारी माणसं सांगत. पावसाळ्यानंतर माती वाहून जाई आणि पितळी बटणं, पट्ट्यांची बक्कलं, काडतुसांच्या नळ्या वर येत. यूसुफभाई एखादं बटण तळहातावर घेऊन म्हणत, हे तुटलं त्या दिवशी बिचाऱ्या शिपायाला साहेबाची बोलणी बसली असतील. होऊन गेलेल्या काळातली माणसं त्यांना अशी समोर दिसायची. मला फक्त बटण दिसे.

एका हिवाळ्यात नाल्याच्या काठाला त्यांना तोफेचे दोन गोळे सापडले. हातभर लांबीचे, गंजून लाल झालेले. इतक्या वर्षांच्या पावसापाण्यात आतल्या दारूचा चिखल झाला असणार, याबद्दल आम्हा दोघांनाही शंका नव्हती. टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन यूसुफभाई मागे बसले आणि खड्ड्याखड्ड्यांतून मी स्कूटर हाणली. घरी त्यांनी तारेच्या ब्रशने घासून दोन्ही गोळे चकचकीत केले. एक घरात राहिला. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून भाभी तो दाराला लावून ठेवत. दुसरा त्यांनी सावद्याच्या नानांना दिला. नाना केळीचे बागाईतदार, यूसुफभाईंचे कॉलेजपासूनचे दोस्त. त्यांनी तो कौतुकाने ओसरीत मांडला.

बरीच वर्षं अशीच गेली. मग एका सकाळी दुकान अर्धवट उघडं टाकून यूसुफभाई माझ्याकडे आले. हातात पेपर होता. परराज्यात कुठेतरी भंगारच्या दुकानात जुना तोफगोळा गॅसकटरने कापताना मजूर दगावले होते. शेजारी तसल्याच गोळ्याचा फोटो.

"रमेशभाऊ, हा आमच्या दारात आहे," एवढंच ते म्हणाले.

आम्ही पोलिसांना कळवलं. बॉम्बशोधक पथक आलं, गल्ली रिकामी केली, आणि गोळा गावाबाहेरच्या पडीक शेतात नेऊन उडवला. आम्ही खूप लांब उभे होतो, तरी पायाखालची जमीन हलली. पथकातल्या अधिकाऱ्याने शांतपणे समजावलं, की बाहेरचं लोखंड गंजतं, पण आतला माल मरत नाही. जुना झाला की उलट त्याचा भरवसा राहत नाही. एखादा धक्का, थोडी उष्णता पुरते.

"मी त्याला रोज पायाने सरकवत होते," भाभी म्हणाल्या.

यूसुफभाईंनी तिथूनच नानांना फोन लावला. जुना गोठा पाडला तेव्हाच तो लोखंडासोबत विकला, नानांनी सांगितलं. सायकलवरून फिरणारा कुणी भंगारवाला होता. नाव? ते कोण विचारतं...

त्यानंतरचे यूसुफभाई वेगळेच होते. दुकान बंद ठेवून ते सावदा, भुसावळ, जळगाव, धुळे इथली भंगारची दुकानं पालथी घालत. मोबाइलमधला फोटो दाखवत. काही जण हसत, काही जण वैतागत. एका दुकानदाराने मात्र ऐकल्याबरोबर मजुरांना काम थांबवायला लावलं आणि सगळा ढीग त्यांच्यासोबत लांबून न्याहाळला. तिथेही गोळा नव्हता. मी एकदा समजूत घालायला गेलो. तो केव्हाच भट्टीत वितळला असेल, काही झालं असतं तर कानावर आलं असतं, असं म्हणालो.

"मजूर मेला तर बातमी आपल्यापर्यंत येतेच, असं कुठं आहे?" ते म्हणाले. "मी तर तो घासून, चमकवून दिला होता, भाऊ."

पुन्हा समजूत घालायला मी गेलो नाही.

भटकंती त्यांनी सोडली, पण त्या माळाभोवतीच्या गावांत जाणं वाढवलं. शाळांत, ग्रामपंचायतीत, पिठाच्या गिरणीवर ते लोकांशी बोलत. लोखंडाचं काही अनोळखी सापडलं तर हात लावू नका, उचलू नका, सगळ्यांना लांब करा, पोलिसांना कळवा. ज्यांना पोलिसांची भीती वाटे त्यांना ते आपला नंबर देत. झोप उडाली होती. छातीचं दुखणं त्यांनी बरेच दिवस अंगावर काढलं.

मागच्या आठवड्यात भाभींना भेटायला गेलो होतो. चहा झाला, बोलणं खुंटलं, तेवढ्यात यूसुफभाईंचा मोबाइल वाजला. भाभींनी तो बंद केलेला नाही. रोज चार्ज करतात, जवळ बाळगतात. त्यांनी तो उचलला; पलीकडून पिंपळनेरकडचा कुणी शेतकरी बोलत होता, मलाही ऐकू येत होतं. माळाजवळ शेत घेतलं होतं, नांगराला काहीतरी लागलं होतं. यूसुफभाई शेत का, म्हणजे आहेत का, असं त्याने अहिराणीत विचारलं.

"त्या नहीत आते. मनं आयका," ते आता नाहीत, माझं ऐका, असं भाभी त्याच्याच बोलीत म्हणाल्या. "हात नका लावू, भाऊ. बठ्ठासले दूर करा."

मग सगळ्यांना लांब केल्यावर पोलिसांना काय सांगायचं ते त्यांनी समजावलं, आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला. तो माणूस शेतातून चालत बांधापलीकडे पोचला, असं त्याच्याच तोंडून ऐकेपर्यंत त्यांनी तो खाली ठेवला नाही.