तीनच्या पुढे न जाणारा माणूस

आमच्या घरातला पंखा तीनच्या पुढे कधी गेला नाही. रेग्युलेटरवर आकडे पाचपर्यंत आहेत, पण चार आणि पाच आमच्या समरीनच्या अब्बांनी नुसते शोभेला ठेवलेले. मे महिन्यात राजिवड्यात खाडीवरचा वारा पडला की कपडा अंगाला चिकटतो, माणूस नुसता तळमळतो. तरी कोणी पंखा चारवर नेला, की हे असतील तिथून आवाज ओळखून येणार आणि बटण मागे फिरवणार. मिक्सरचंही तेच. खोबरं वाटताना मध्ये थांबायचं. का? तर, "अगो रहिमा, दम घेऊ दे त्याला." मिक्सरने दम घ्यायचा, मी नाही! मी मेली तशीच उभी, हात खोबऱ्याने भरलेले.

मन्सूर त्यांचं नाव. उभी उमर मिरकरवाडा बंदरात मच्छीच्या लाँचवर इंजिन डायवर म्हणून गेली. एक कान इंजिनानेच खाल्ला, पण उरलेल्या कानाने तीन घरं पलीकडच्या पाण्याच्या पंपाचं दुखणं सांगतील. बसणं माहीत नाही. जेवतानासुद्धा एक गुडघा वर, कुठल्याही क्षणी उठायच्या तयारीत. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, नवा माणूस आहे, लाजतोय, स्थिर होईल. कसला स्थिर होतोय!

आणि त्यांना तरी किती बोलू? कारण मला माहीत आहे. आमचा थोरला फैझान माझ्या कुशीत होता तेव्हाची गोष्ट. लाँचच्या मालकाला सगळ्यांच्या आधी बंदरात पोचायचं होतं, पहिल्या मच्छीला भाव म्हणून. हे खालून ओरडत होते, इंजिन तापलंय, कमी करा. वर सुकाणूवरचा तांडेल म्हणाला, मीटर ठीक दाखवतोय, चालव फुल. जयगडच्या अलीकडे इंजिन जाम झालं. वारा उलटा. लाँच वाहत जाऊन खडकावर आपटली. जीव सगळ्यांचे वाचले, अल्लाची मेहेरबानी, पण माझा धाकटा दीर लाँचखाली सापडला आणि त्याचा पाय कायमचा वाकडा झाला. तो अजून लंगडत आमच्या दारावरून मशिदीत जातो. तो दिसला की हे उठून उगाच काहीतरी आवरायला लागतात. फुल हा शब्द त्या दिवसापासून आमच्या घरात शिवीसारखा.

अशा घरात आमचा फैझान मस्कतहून सुट्टीला आला तो गेम खेळायचा कॉम्प्युटर घेऊन. दोन हजार सहाची ती गोष्ट. महागाचा प्रोसेसर, महागाचं ग्राफिक्स कार्ड, तिकडून कपड्यांत गुंडाळून आणलेलं, आणि बाकीचा डबा इथल्या धोंडूच्या दुकानात बसवून घेतला. धोंडू बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. फैझान गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावायचा, आतले पंखे घुंई करायचे, आणि हे मागे येरझाऱ्या घालायचे.

"फैझान, जरा कमी कर."

"अब्बा, यात कमी काय करायचं? गेमिंगचं मशीन आहे, फुल चालवायलाच बनवलंय."

"लाँचपण चालवायलाच बनवलेली होती."

पोरग्याने कानाला हेडफोन लावले. सुट्टी संपली, तो गेला, आणि कॉम्प्युटर समरीनच्या ताब्यात आला.

समरीन आमची धाकटी. बापाचा कान नाही घेतला, पण न बसण्याचा गुण सहीसही घेतलाय. सीडी आणून आणून ती स्वतःच त्या कॉम्प्युटरवर चित्रं हलवायला शिकली. पुण्यातल्या एका संस्थेत ॲनिमेशनचा कोर्स होता. स्वतः बनवलेली छोटी फिल्म सीडीवर पाठवायची, आवडली तर प्रवेश. पुढच्या वर्षी ती वयात बसत नव्हती. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. फिल्म मंगळवारपर्यंत पुण्यात पोचायला हवी होती.

फिल्म काय, तर आपल्या खाडीतून बाहेर पडणारी एक लाँच. तिने महिनोन् महिने खपून बनवली. मग म्हणाली, "अम्मी, आता माझं काम संपलं, मशीनचं सुरू. एकेक चित्र ते स्वतः रंगवणार. दोनतीन दिवस सलग, फुल लोडवर."

मी तोंडावर बोट ठेवलं, पण शब्द गेलाच होता. दारात हे उभे.

"सलग?"

"हो अब्बा."

"फुल?"

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर तिने ते सुरू केलं. तेव्हापासून या माणसाने घर डोक्यावर घेतलं. तोंडाने नाही हो, पायांनी! ओटीवरून खोलीत, खोलीतून ओटीवर. येताना डब्याला तळवा लावायचा, जाताना लावायचा. "तापलंय." मी म्हणायचे, चहा घ्या. चहाचा पेला हातात घेऊन पुन्हा तळवा. समरीनने त्यांना पडद्यावर आकडा दाखवला. "हे बघा, इतकं तापलं तरी चालतं, अजून खूप खाली आहे."

"मीटर तेव्हाही ठीकच दाखवत होता," हे म्हणाले. झालं! पोरीचा चेहरा उतरला आणि माझा पारा चढला. "अहो, ते इंजिन आहे का? त्यात डिझेल आहे का? पोरीला जगू द्याल की नाही?" मी बोलले, चांगलं ठणकावून बोलले. त्यांनी ऐकलं नाही, कारण मी नेमकी बहिऱ्या कानाशी उभी होते. असं ते सांगतात.

लोडशेडिंग व्हायचं तेव्हा सगळी रत्नागिरी सरकारच्या नावाने बोटं मोडायची. एकटा हा माणूस दिवे गेले की पाय पसरून "अल्हम्दुलिल्लाह" म्हणायचा. तेवढाच मशीनला दम. रंगवलेली चित्रं जागच्या जागी राहायची, दिवे आले की पुढचं सुरू. पण वेळ जायचा, आणि समरीन नखं खायची.

शनिवारी हे धोंडूकडे जाऊन आले. येताना चेहरा असा, जसा डॉक्टरने रिपोर्ट हातात दिलाय. धोंडू म्हणे, फुल लोडवर चालवू नका, कार्ड जळतं, एका गिऱ्हाइकाचं असंच गेलं.

"कसं गेलं ते विचारलंत?" समरीनने विचारलं.

"गेलं ना! कसं गेलं ते विचारून परत येणार आहे?"

रविवारी दुपारी समरीन सीडी आणि फोटो आणायला बाजारात गेली. मी मागच्या अंगणात सुकी मच्छी पसरत होते. खोलीत हे आणि ते मशीन. उकाडा असा, की कावळासुद्धा ओरडेना. पंखे घोंघावत होते. या माणसाने दम धरला, धरला, आणि मग डायवराचा हात जागा झाला. लाँचवर तेलाचा पंप फार तापला की ओलं गोणपाट टाकतात. सगळे टाकतात, थंड होतो. यांनी मोरीतून गोणपाट आणलं, भिजवलं, घट्ट पिळलं, एक थेंब पडणार नाही असं पिळलं, आणि मायेने, बाळाला दुपटं घालतात तसं, त्या डब्यावर वरून मागपर्यंत घातलं. तिथे मी विणलेलं लोकरीचं कव्हर आधीपासून होतंच, धूळ बसू नये म्हणून. कॉम्प्युटर उघडा ठेवायचा का? बघायला बरं दिसत नाही.

समरीन आली तेव्हा पडदा काळा होता. दिवे चालू, पंखा तीनवर चालू, मशीन बंद.

"बसलं," हे हळूच म्हणाले. "मी सांगत होतो."

तिने गोणपाट बघितलं. ती किंचाळली नाही. किंचाळली असती तर बरं झालं असतं. तिने ते दोन बोटांनी उचलून ओटीवर टाकलं, माझं कव्हर त्याच्यावर टाकलं आणि खाली फरशीवर बसून रडायला लागली. "अब्बा, तुम्ही माझी लाँच बुडवलीत," एवढंच.

लाँच आपटली आणि हे घरी आले, तेव्हा या माणसाला मी पाहिलेलं. तसंच तोंड झालं. ओठ पांढरे. पहिल्यांदा, बाई, पहिल्यांदा ते हलले नाहीत. मला त्यांचा इतका राग आला होता, आणि इतकी दया आली, की काय करावं सुचेना. मी जाऊन पाणी आणलं आणि कोणाला द्यावं ते न कळून स्वतःच प्यायले.

थोड्या वेळाने समरीनने डोळे पुसले आणि डब्याची बाजू उघडली. आत पाणी नव्हतं. पण पंख्याखालच्या पत्र्यांच्या फटी धुळीने आणि माझ्या कव्हरच्या लोकरीने गच्च बुजलेल्या. "हा कूलर, अब्बा. याच्यातून वारा जायला हवा." त्यांनी वाकून पाहिलं आणि दाढीचा ब्रश आणला. दोघं बाप-लेक बसली फटी साफ करत. मग तिने बिस्मिल्लाह म्हणून बटण दाबलं.

आणि मशीन सुरू झालं! हिरवा दिवा, पंखे, पडदा, सगळं. चित्रं जिथे थांबली होती तिथे तशीच.

"जळलं नव्हतं?" यांनी डब्याला तळवा लावत विचारलं.

"नाही. वारा कोंडला म्हणून तापलं. फार तापलं की हे आधी स्वतःच मंद होतं, तरी तापत राहिलं तर स्वतः बंद पडतं. जळायच्या आधी. फुल चालून नाही बिघडत ते अब्बा, कोंडून बिघडतं."

"स्वतःहून बंद पडतं?"

"स्वतःहून."

"कोणी सांगावं लागत नाही?"

"नाही."

ते उठून दारात गेले. बाहेर माझा दीर असरच्या नमाजाला लंगडत चालला होता. हे त्याच्याकडे बघत राहिले, तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत. या खेपेला काही आवरायला घेतलं नाही. मग आत आले, डब्याची उघडी बाजू पंख्याकडे वळवली, भिंतीपाशी गेले आणि रेग्युलेटर फिरवला. चार. पाच. आमचा पंखा असा आवाज करतो हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं. कॅलेंडर भिंतीवर फडफडायला लागलं. मी डोळ्यांना पदर लावला. धूळ उडाली असं मी म्हणाले, पण रडत होते मी.

सोमवारी सकाळी फिल्म पुरी झाली. आम्ही तिघांनी बघितली. पहाटेची खाडी, लाटा, आणि लाँच आपली डुलत डुलत चालली आहे.

"समरीन, लाँच एवढी हळू का गं?" यांनी विचारलं.

"डायवर तुम्ही आहात ना, अब्बा."

मी इतकी हसले, इतकी हसले, की ठसका लागला. तेही हसले. सीडी त्याच दिवशी पुण्याच्या गाडीने ओळखीच्या माणसाच्या हाती गेली.

तिला प्रवेश मिळाला. जूनमध्ये ती गेली. तिला स्टँडवर सोडून आलो, तर घरात काही आवाज नाही. भात शिजत होता, तेवढाच. हे खोलीत गेले, सवयीने डब्याला तळवा लावला. तसेच उभे राहिले. मी मागे जाऊन उभी राहिले, चांगल्या कानाच्या बाजूला.

"काय झालं?"

"थंड आहे," ते म्हणाले.

मग ओटीवर गेले, परत आले, पुन्हा हात लावला. "रहिमा, खारी हवा आहे. हे असं बंद ठेवून बिघडेल ना?"

मला फैझानने गेम लावायला शिकवलं होतं. मी बटण दाबलं, गाड्यांची शर्यत लावली. आतले पंखे घुंई करायला लागले. हे कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसले. दोन्ही पाय जमिनीला टेकून, नीट बसले.

"अगो," म्हणाले, "फुल कर."