पाण्याखालच्या तांड्याची गाडी

पुसदच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसून गाड्या पुकारायचं काम मी चौदा वर्षं करतो आहे. माझा आवाज तालुक्यात पुष्कळ लोक ओळखतात, मला फारसं कोणी ओळखत नाही. बाजारात अर्धा किलो वांगी मागितली की भाजीवाली मान वर करून म्हणते, "तुमचा आवाज कोठंतरी ऐकला भाऊ." मी सांगत नाही. वांगी घेऊन खोलीवर येतो.

खोली एकच आहे. लग्न एकदा ठरलं होतं, मोडलं, मग पुन्हा कोणी विषय काढला नाही. आईवडील गेले. मोठा भाऊ बाभुळगावकडे शेती पाहतो. आमच्यात भांडण नाही, पण बोलणंही नाही. दोन ड्यूट्यांच्या मधल्या वेळात मी मोबाइलवर भुताखेताचे सिनेमे पाहत आलो. का आवडतात ते मला नीट सांगता येत नाही. एवढं खरं की त्या सिनेमांतल्या रिकाम्या घरात निदान कोणीतरी असतं.

माझ्या खिडकीसमोर, पाण्याच्या टाकीजवळ, एक म्हातारी टोपली घेऊन बसायची. दिवाळीच्या आगेमागे सीताफळं, थंडीत बोरं. फुलसावंगीच्या रस्त्यावरच्या एका तांड्यातून ती रोज पहिल्या गाडीनं यायची. सगळे तिला याडी म्हणत. गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, याडी म्हणजे आई. मीही म्हणायचो. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ती खिडकीशी आली आणि तिनं एका तांड्याचं नाव घेऊन विचारलं, "बाबू, ही गाडी कधी लागते?"

मी वेळापत्रक पाहिलं. असं गाव कुठं नव्हतं. "अशी गाडी नाही याडी. कोण्या रस्त्यावर हाय हा तांडा?"

"रस्त्यावर नाही. पान्याखाली हाय," ती म्हणाली आणि दात नसलेल्या तोंडानं खूप हसली. तिचा जुना तांडा धरणात गेला होता. ती तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली होती. माझी गंमत करून ती टोपलीकडे परत गेली, पण मला त्या दिवशी नंतरच्या गाड्या पुकारताना दोनदा चुकायला झालं.

त्यातून मला स्वतःच करता येईल अशा एका भुताच्या सिनेमाची गोष्ट सुचली. एक पुकारणारा माणूस रोजच्यासारखा गाड्यांची नावं घेत असतो. एके दिवशी त्याच्या तोंडून, त्याच्या इच्छेविरुद्ध, बुडालेल्या गावाच्या गाडीचं नाव निघतं. एक म्हातारी उठते आणि चालू लागते. तो तिच्या मागे जातो. ती थेट पाण्याशी जाऊन उभी राहते. एवढंच. पुकारणारा मीच असल्यामुळं तो पडद्यावर दिसणार नव्हता, त्याचा फक्त आवाज आणि त्याची नजर. म्हणजे माझा मोबाइल.

याडीला विचारायला मला तीन आठवडे लागले. ती लगेच म्हणाली, "मले काय कराचं?"

"चालाचं. अन् पान्यापाशी उभं राहून बोलाचं."

"कोनाशी?"

"गावाशी."

"ते मले येते," ती म्हणाली.

मे महिन्यात धरणाचं पाणी मागं सरकलं की काठाला भेगाळलेला चिखल उघडा पडतो. माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही गाडीनं गेलो आणि पुढं दोन-अडीच किलोमीटर चालत. तिनं भाकर, मिरचीचा ठेचा आणि कांदा बांधून आणला होता. माझ्याजवळ मोबाइल, तीन पायांचा स्टँड आणि ऊन लागू नये म्हणून छत्री. एका चौथऱ्याचे दगड पाण्याबाहेर आले होते. तिनं ते पाहिले, पण ते कशाचे हे सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला उतरतं ऊन हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

"तुह्याच बोलीत बोल," मी म्हटलं. "काहीही बोल. मी थांब म्हणेपर्यंत."

ती जवळजवळ दोन मिनिटं बोलली. गोरबोली मला येत नाही. इतकी वर्षं ती बोली खिडकीसमोर कानावर पडते, पण मला त्यातल्या गावांच्या नावांपलीकडे काही उमगत नाही. तिचा आवाज आधी मोठा होता, मग हळू झाला. मध्येच तिनं हात वर करून माझ्याकडे दाखवला, म्हणजे मोबाइलकडे, आणि पुन्हा पाण्याकडे वळली. माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, ती काहीतरी मंत्र म्हणते आहे. सिनेमाचा शेवट मिळाला या आनंदात मी मोबाइल बंद केला. आम्ही ठेचा-भाकर खाल्ली आणि परतीची गाडी धरली.

सगळा पावसाळा मी सुट्टीच्या दुपारी सिनेमा जोडत बसलो. चौदा मिनिटांचा झाला. दाखवायला कोणी नव्हतं. डेपोतल्या एका सहकाऱ्याला दाखवायला घेतला, पण तो दोन मिनिटं पाहून म्हणाला, "हे कायचं करून राह्यला तू?" आणि चहाला गेला.

इंटरनेटवर दुसऱ्या राज्यातल्या एका लहान महोत्सवाची माहिती सापडली. फक्त भयकथा आणि अद्भुत गोष्टींचे सिनेमे, तेही कोणत्याही कंपनीच्या पाठबळाशिवाय केलेले. मी अर्ज उघडला. दिग्दर्शकाचं नाव, लेखकाचं नाव, छायाचित्रण, संकलन, ध्वनी, निर्माता. सहाही रकान्यांत एकच नाव लिहिताना मला आधी बरं वाटलं, चौथ्या रकान्याला लाज वाटू लागली. खाली संपर्कासाठी दुसऱ्या व्यक्तीचं नाव आणि नंबर मागितला होता. तो रकाना मोकळा सोडला की अर्ज पुढं जाईना. मी बराच वेळ मोबाइलमधली नावं वरखाली केली. शेवटी भावाचा नंबर टाकला.

दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. सात-आठ महिन्यांनी.

"तुह्या नावाचा मेसेज आला इंग्रजीत. कोनी फसवून तं नाही राह्यलं तुले?"

"नाही. मी एक सिनेमा केला. तिथं तुहा नंबर दिला."

मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"माहाच काहून?"

"दुसरा कोणाचा देऊ?"

"ठीक हाय," तो म्हणाला. "बरा हायेस ना?" मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. सिनेमा कसला हे त्यानं विचारलं नाही. मी सांगायची वाट पाहत होता की काय, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

अर्ज अजून पुरा झाला नव्हता. सगळ्या बोलण्याला इंग्रजी ओळी हव्या होत्या. माझं पुकारणं मी शब्दकोश घेऊन लिहून काढलं. याडीच्या दोन मिनिटांसाठी तिच्याकडेच जावं लागलं. सीताफळं सुरू झाली होती. मी टाकीजवळ तिच्या बाजूला बसलो, एक इअरफोन तिच्या कानात घातला, एक माझ्या, आणि तेवढा भाग लावला. ती स्वतःला पाहून लाजली, मग लुगड्याच्या पदरानं तोंड झाकून हसत सुटली.

"आता सांग, हे काय म्हटलं?"

"सासूले हाका मारल्या. म्हटलं, दार काढ. पाय धुवाले पानी देऊ नोको, पानीच पानी हाय."

मी लिहून घेतलं. मंत्रबिंत्र काही नव्हतं. "अन् हे?"

"शेजारनीले विचारलं, तुही बकरी सापडली काय? तांडा उठला तवा तिची बकरी राह्यली होती."

"अन् इथं? इथं तू हात केला माझ्याकडं."

ती सीताफळं उलटीपालटी करू लागली. "ते जाऊ दे."

"लिहावं लागते याडी. प्रत्येक बोलणं लिहाचं हाय."

"तुह्याबद्दल म्हटलं," ती माझ्याकडं न पाहता म्हणाली. "म्हटलं, हा माह्यासंगं आला. दिवसभर लोकायले गावोगाव धाडते, पण याले कोन्या गावाले जाचं नसते. याची वाट पाह्यनारं कोनी नाही. याले बसाले बाज टाका."

गाडी लागत होती. मला उठायला हवं होतं.

"तुले कोणं सांगितलं हे?"

"सांगाले कायले लागते? मी समोरच तं बसतो."

मी खिडकीत गेलो आणि उमरखेडची गाडी पुकारली. आवाज नेहमीसारखाच आला.

त्या आठवड्यात मी त्या जागी खोटी ओळ लिहिली. आई, मी परत आले, मला आत घे, अशा अर्थाची. परीक्षकांना काय कळणार होतं? अर्ज पाठवण्याआधी शेवटचा म्हणून सिनेमा पाहिला. ओळ पडद्यावर आली तेव्हा याडीचा हात माझ्याकडं होता. आईला हाक मारणारी बाई हात तिकडं कशाला करेल? पुन्हा लावून पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. मग खोटी ओळ पुसली आणि तिनं म्हटलेलं होतं तसं लिहिलं. बाज या शब्दाला इंग्रजीत धड शब्द सापडला नाही, खाटेचा टाकला. पाठवायचं बटण दाबलं तेव्हा दुपारचे चार वाजले होते. उठून तोंड धुतलं, आणि कपडे वाळत घातले.

उत्तर दोन महिन्यांनी आलं, ड्यूटीवर असताना. प्रिय चित्रपटकार, या वेळी आम्ही आपली निवड करू शकलो नाही. नाव नव्हतं, कारण नव्हतं. मी ते तीनदा वाचलं, मधे दोन गाड्या पुकारल्या.

याडीला सांगितलं. "नाही घेतला."

"काहून? माह्यं काम वाईट होतं काय?"

"तुह्यं काम सगळ्यात चांगलं होतं."

तिनं पूर्ण सिनेमा पाहायला मागितला. मी लावून मोबाइल तिच्या हातात दिला आणि खिडकीत गेलो. काचेतून मला ती दिसत होती, बोरांची टोपली बाजूला सारून, मोबाइल डोळ्यांशी धरून. मी परत आलो तेव्हा ती गंभीर होती.

"तू सगळ्यायले भुतं करून टाकलं," ती म्हणाली. "आमच्या तांड्यात कोनाचं भेव नव्हतं. मी घरीबी त्यायच्याशी बोलतो. भेव कायचं त्यात?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. तिनं पानावर मूठभर बोरं काढून दिली आणि गिऱ्हाईक आलं म्हणून तिकडं वळली.

त्यानंतर मी आणखी चार ठिकाणी सिनेमा पाठवला. तिघांनी नकार कळवला. चौथ्या एका फार लहान महोत्सवानं घेतला, पण तो सगळा इंटरनेटवरच होता. बक्षीस नाही, जाणं-येणं नाही. ठरलेल्या संध्याकाळी सात वाजता मी खोलीत मोबाइल भिंतीला टेकवून बसलो. भावाला सांगावं का म्हणून नंबर काढला होता, पण कापसाचे दिवस होते, तो थकलेला असेल असं मनाशी म्हणून ठेवून दिला. त्यानं तेव्हा विचारलं नव्हतं, आता मी सांगितलं नाही.

कोपऱ्यात पाहणाऱ्यांचा आकडा येत होता, एकोणीस. बाजूला लोक लिहीत होते. पाणी सुंदर आहे, आवाज चांगला आहे. याडी पाण्याशी उभी राहिली, हात करून बोलली, ओळी खाली आल्या. कोणा अनोळखी माणसानं लिहिलं, ती ज्याच्याविषयी बोलते आहे तो कोण?

तो मी, असं टाइप केलं. पुसलं. पुन्हा टाइप केलं आणि पाठवलं. पण तोवर माझा सिनेमा संपून पुढचा सुरू झाला होता, लोक त्याच्याविषयी लिहू लागले होते, आणि माझी ओळ वर सरकत जाऊन दिसेनाशी झाली.

पुढचा सिनेमा बर्फाळ गावातला होता. एक माणूस घरातली सगळी दारं एकेक करून उघडत जातो. भाषा कळत नव्हती, इंग्रजी ओळी फार भराभर जात होत्या. करणाऱ्याचं नाव शेवटी सगळ्या कामांपुढं एकच होतं. मी तो पुरा पाहिला. संपल्यावर बाजूला कोणीच काही लिहीना, तेव्हा मी माझ्या मोडक्या इंग्रजीत लिहिलं की मला आवडला, आणि दारं उघडतानाचा आवाज फार खरा आहे.